गाइड वापरूनही इम्प्लांट तिरपा का गेला?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. पेशंट ५४ वर्षांचे शेतकरी. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढा (३६ आणि ३७) नाहीत, त्यामागेही दात नाही. नागपूरला सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) केला, अल्जिनेटने (पाण्यात कालवायची मापाची पावडर) माप घेऊन मॉडेल लॅबला पाठवलं, लॅबने प्लॅनिंग करून गाइड (दातांवर बसणारा, ड्रिलला ठरलेली वाट देणारा साचा) प्रिंट करून दिलं. ३६ चा इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवतात तो स्क्रू) छान बसला. ३७ मात्र एक्स-रेत दहा-बारा अंश तिरपा दिसतो, खालचं टोक मागे गेलेलं. बधिरपणा नाही. पेशंट पूर्वी खर्रा खायचे, आता सोडलाय, तोंड अडीच बोटं उघडतं. लॅब म्हणते प्लॅनिंग बरोबर होतं, ड्रिल तुम्ही वाकडा धरला. गाइड असताना ड्रिल वाकडा जाईलच कसा? पुढच्या केसेस सरळ फ्री हँड, म्हणजे गाइडशिवाय, कराव्यात का? आणि लॅबचं बिल द्यावं की नाही?

उत्तर:

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी शेवटी सहज लिहून गेलात. तोंड अडीच बोटं उघडतं. माझ्या मते तुमची केस तिथेच अडकली. पण एकदम तिथे उडी मारत नाही, कारण गाइडच्या केसमध्ये गडबड झाली की दोष कुठे आहे हे शोधायची एक रीत असते. ती कळली तर पुढच्या वेळी लॅबशी भांडत बसावं लागत नाही.

आधी इम्प्लांट कुठल्या दिशेने गेला ते बघा. ३६ आणि ३७ ची जागा म्हणजे मागची बाजू मोकळी. गाइड पुढच्या दातांवर टेकलेलं, मागचं टोक नुसतं हिरडीवर. अशा केसमध्ये नेहमीचा संशय येतो तो गाइड मागून दबल्याचा: आपण ड्रिल दाबतो, हिरडी दबते, गाइडचं मागचं टोक खाली जातं. पण विचार करा, मागचं टोक खाली गेलं तर स्लीव्हचा (गाइडमधली नळी, जिच्यातून ड्रिल जातो) वरचा भाग मागे झुकतो आणि ड्रिलचं खालचं टोक पुढे, ३६ च्या इम्प्लांटकडे सरकतं. शिवाय इम्प्लांट ठरल्यापेक्षा खोल जातो, म्हणजे जबड्यातल्या नसेच्या जवळ. तुमच्याकडे उलटं झालंय. टोक मागे गेलंय. इम्प्लांटची मान ठरवल्यापेक्षा थोडी वर राहिली आहे का, तेही एक्स-रेवर मोजा. बहुतेक राहिली असेल.

आता माप. अल्जिनेटचं माप बिघडलं असतं किंवा लॅबने स्कॅन आणि मॉडेल नीट जुळवलं नसतं, तर ३६ सुद्धा चुकला असता. तो बरोबर बसला. म्हणजे या केसपुरती कागदपत्रं, म्हणजे आपलं माप आणि स्कॅन, बऱ्यापैकी निर्दोष. (सगळ्याच केसमध्ये ती तशी नसतात, त्यावर पुढे येतो.)

राहिला ड्रिल. गाइडचा ड्रिल साधा ड्रिल नसतो. १० मि.मी.चा इम्प्लांट, त्यावर स्लीव्हच्या वरच्या कडेपर्यंत समजा ९ मि.मी. अंतर, म्हणजे १९ मि.मी. काम करणारी लांबी झाली. त्यावर स्टॉप आणि दांडा, त्यावर हँडपीसचं (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) डोकं. हे सगळं मिळून चाळीस मि.मी.च्या आसपास जातं. चांगल्या माणसाचं तोंड पुढच्या दातांत ४० ते ५० मि.मी. उघडतं, पण जबडा बिजागरीसारखा, त्यामुळे दुसऱ्या दाढेपाशी त्याहून बरीच कमी जागा मिळते. अडीच बोटांच्या तोंडात तिथे किती उरली असेल? हँडपीस वरच्या दाढेला अडला असणार, तुम्ही तो पुढून तिरपा आत घातला असणार. हँडपीसचं डोकं पुढे, टोक मागे. नेमकं जे एक्स-रेत दिसतंय ते.

तुम्ही विचाराल, स्लीव्ह होती ना? हो. पण स्लीव्ह आणि ड्रिल यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ड्रिल फिरणार नाही. ती फट ०.२ मि.मी. आणि स्लीव्हची उंची ५ मि.मी. धरली तरी ड्रिल दोन-सव्वादोन अंशच झुकू शकतो. दहा-बारा अंश नुसत्या फटीतून येत नाहीत. म्हणून मला दोन शंका आहेत, प्रामाणिकपणे आठवून बघा. एक, तिरप्या ड्रिलने गाइडलाच उचललं असेल. मागे आधार नसलेलं गाइड असं सहज उचललं जातं आणि आपलं लक्ष सलाईनकडे असल्यामुळे कळत नाही. दुसरी, शेवटचे ड्रिल किंवा इम्प्लांट तुम्ही गाइड काढून घातला असेल, तोंड उघडत नाही म्हणून. हे मी स्वतः केलंय. पहिला ड्रिल गाइडमधून गेला की वाटतं आता वाट झाली, इम्प्लांट आपोआप तिथेच जाईल. मऊ हाडात तो वाट सोडतो आणि हाताच्या कलाने जातो.

म्हणजे लॅबचं म्हणणं अर्धं खरं. पण लॅबने तुम्हाला तोंड किती उघडतं हे विचारलं नाही आणि दुसऱ्या दाढेला बंद गोल स्लीव्ह देऊन मोकळी झाली. तुम्हीही सांगितलं नाही. दोघांनी मिळून केलेली चूक आहे ही.

आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे. पुण्या-मुंबईचे स्पीकर वर्कशॉपमध्ये गाइड शिकवतात तेव्हा त्यांच्या स्लाइडमधल्या पेशंटचं तोंड खुशाल उघडलेलं असतं. आपल्या खुर्चीत बसणारा माणूस पंचवीस वर्षं खर्रा खाल्लेला असतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसाला आठ-दहा पुड्या. सुपारीने गालाच्या आतली कातडी घट्ट होते, पांढऱ्या पट्ट्या येतात, तोंड हळूहळू मिटत जातं. खर्रा सोडला तरी ते पट्टे जात नाहीत. त्यामुळे माझ्याकडे इम्प्लांटचा पेशंट आला की सीबीसीटीच्या आधी एक गोष्ट होते: हँडपीसला सगळ्यात लांब गाइड ड्रिल लावायचा (मोटर बंद), तोंडात जिथे इम्प्लांट घालायचा तिथे उभा धरायचा. खाली दात नसलेल्या जागेवर टोक आणि वर किती मोकळं राहतं ते बघायचं. बसला तर गाइडचा विचार. नाही बसला तर लॅबला फोन करून सांगायचं की स्लीव्ह गालाच्या बाजूने उघडी हवी, म्हणजे ड्रिल वरून न घालता बाजूने सरकवता येतो. तेही जमत नसेल तर फक्त पायलट ड्रिलपुरतं (पहिला बारीक ड्रिल) गाइड घ्या आणि पुढचं हिरडी उघडून डोळ्यांनी बघत करा. ३७ सोडून फक्त ३६ घालायचा हा पर्यायही पेशंटसमोर ठेवायला हरकत नाही. पहिली दाढ आली की बऱ्याच जणांचं चावणं भागतं, आणि आपल्या भागात दुसऱ्या इम्प्लांटचे पैसे वाचले तर माणूस नाराज होत नाही. आणि हो, गाल बघताना पट्ट्यांसोबत एखादा न भरणारा व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा दिसला तर इम्प्लांट बाजूला ठेवा, आधी बायोप्सीला पाठवा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण घाईत राहून जातं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. गाइड असताना चूक होतेच कशी? गाइडने अचूकता वाढते, हे खरं. पण किती? २०१८ साली वीस क्लिनिकल अभ्यासांतले २,२३८ गाइडने घातलेले इम्प्लांट एकत्र मोजले गेले. ठरवलेल्या जागेपासून सरासरी फरक निघाला हाडाच्या तोंडाशी १.२ मि.मी., टोकाशी १.४ मि.मी. आणि कोनात ३.५ अंश. ही सरासरी आहे, म्हणजे काही त्याहून चुकले. म्हणूनच नसेपासून, शेजारच्या दातापासून प्लॅनिंगमध्येच २ मि.मी. मोकळे सोडतात. लॅबच्या स्क्रीनवर इम्प्लांट नसेपासून १ मि.मी.वर छान दिसत असेल तर ते प्लॅनिंग परत पाठवा, स्क्रीनवर रक्त येत नाही.

३७ च्या जागी आणखी एक धोका असतो, जिभेच्या बाजूने हाड आत वळलेलं असतं. टोक तिकडे गेलं तर हाडाबाहेर निघतं आणि तिथल्या रक्तवाहिनीला लागलं तर जिभेखाली रक्त साचून श्वासालाच अडथळा येऊ शकतो. तुमचा एक्स-रे बाजूने काढलेला आहे, त्यात जिभेकडची बाजू दिसत नाही. त्यामुळे आणखी काही करण्याआधी त्या भागापुरता छोटा सीबीसीटी करा. टोक हाडात आहे का आणि नसेपासून २ मि.मी. तरी लांब आहे का, एवढं बघायचं. दोन्ही ठीक असेल आणि इम्प्लांट घट्ट बसला असेल तर त्याला हात लावू नका. १५ अंशांचं तिरपं अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) घालून कॅप सरळ करता येते. कॅपचा वरचा चावायचा भाग जरा अरुंद ठेवा, समोरच्या दाढेशी हलका टेकवा. टोक हाडाबाहेर असेल किंवा इम्प्लांट हलत असेल तर काढून टाका, भरू द्या, मग बघू. पेशंटला जे झालं ते सांगा. आपली माणसं चूक ऐकून घेतात. लपवलेलं कुणाकडून कळलं की मग मात्र गावभर होतं.

बाकी केसमध्ये चूक बहुतेक ड्रिलच्या आधीच झालेली असते. गाइड मुकाट बसतं आणि ती चूक जशीच्या तशी हाडात उतरवतं. आपल्या भागात ती कुठे कुठे होते ते सांगतो.

अल्जिनेट. मे महिन्यात दुपारी माप घेऊन आपण पुढच्या पेशंटकडे वळतो, कंपाउंडर अर्ध्या तासाने प्लास्टर भरतो. तोवर अल्जिनेट सुकून आकसलेलं असतं. कवळीत हे खपतं, गाइडमध्ये नाही. गाइडसाठी पुट्टी आणि लाइट बॉडीचं सिलिकॉन माप घ्या, मॉडेल डाय स्टोनचं करा. इंट्राओरल स्कॅनर (तोंडातच दात स्कॅन करणारा) तालुक्याला परवडत नाही हे मान्य, पण चांगल्या मापावरून लॅबने मॉडेल स्कॅन केलं तरी काम होतं.

सीबीसीटी. पेशंट शंभर किलोमीटर जाऊन येतो आणि हातात फिल्म, वर एक पीडीएफ. त्यावर गाइड बनत नाही. मूळ डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) पेन ड्राइव्हवर किंवा लिंकवर हवा, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहा. चिठ्ठीत आणखी लिहा की स्कॅन करताना दात मिटलेले नकोत, मध्ये कापसाचा रोल ठेवून वरचे-खालचे दात वेगळे राहू द्या, गालाच्या आतही कापूस ठेवा म्हणजे हिरडी वेगळी दिसेल. दात चिकटलेले असले की मॉडेल जुळवताना लॅबचा मुलगा अंदाजाने जुळवतो. तोंडात धातूच्या कॅप भरपूर असतील तर स्कॅनमध्ये रेघा उठतात, दातांची कड दिसत नाही. अशा वेळी लॅबला आधीच विचारा की तोंडात खुणा लावून स्कॅन करायचा का. सगळे दात गेलेल्या पेशंटला तर त्याशिवाय पर्याय नाही. कवळीला सहा-आठ ठिकाणी गट्टापर्चाचे (स्कॅनमध्ये उठून दिसणारा पदार्थ) ठिपके लावायचे, एकदा कवळी तोंडात घालून स्कॅन, एकदा नुसत्या कवळीचा. आणि अशा गाइडला हिरडीवर भरवसा ठेवून चालत नाही, ते पिनांनी हाडाला अडकवावं लागतं. दातांवर टेकणारं गाइड सगळ्यात विश्वासाचं. उघड्या हाडावर टेकणारं मी आता मागवतच नाही.

हंगाम. हे शहरातल्या कुणाच्या लक्षात येणार नाही. पेशंट जूनमध्ये सीबीसीटी करून जातो, मग पेरणी. पैसे येतात कापूस आणि सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीला. तोवर शेजारचा दात झुकलेला, समोरची दाढ खाली उतरलेली, मधल्या काळात तुम्हीच कुणा दाताला कॅप बसवलेली. जुनं गाइड बसणार कसं? भरलेल्या जागेचं हाड चार महिन्यांत फारसं बदलत नाही, म्हणून सीबीसीटी पुन्हा करायची गरज बहुतेक पडत नाही. पण माप नवीन घ्या आणि नव्या मापावर गाइड करून घ्या. मी तर हल्ली पैशाचं आधीच बोलून घेतो. पेशंट म्हणतो, "डॉक्टरसायेब, कापूस निंघू द्या, मंग बघतो." ठीक आहे, मग मापही तेव्हाच घेऊ.

ऊन. माझं एक गाइड ट्रॅव्हल्सच्या पार्सलने नागपूरहून आलं, मी ते स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं आणि दुपारभर विसरलो. बाहेर पंचेचाळीस अंश. संध्याकाळी पेशंटच्या तोंडात घातलं तर एका बाजूने दोन दात सोडून वर. लॅबला फोन करून चार शब्द सुनावलेही. मग तेच गाइड मॉडेलवर बसवून पाहिलं, तिथेही बसेना, आणि डिक्की आठवली. माफी मागायला परत फोन केला. तेव्हापासून गाइड आलं की कपाटात, उन्हापासून लांब, आणि मॉडेल जपून ठेवतो.

त्या प्रसंगातून एक कसोटी मिळाली ती मात्र रोज उपयोगी पडते. गाइडला दातांवर दोन-तीन ठिकाणी खिडक्या ठेवायला सांगा. मॉडेलवर बसवा, मग तोंडात बसवा, खिडकीतून दाताला चिकटलंय का बघा. मॉडेलवर बसतं आणि तोंडात नाही, तर माप चुकलं किंवा दात हलले, म्हणजे आपला दोष. मॉडेलवरच बसत नाही, तर प्रिंटचा किंवा नंतरच्या वाकण्याचा दोष. दोन्हीकडे बसतं आणि तरी इम्प्लांट चुकतो, तर एक तर स्कॅन-मॉडेलची जुळवणी किंवा मग तुमच्याकडे झालं तसं ड्रिल करतानाचं. हे ऑपरेशनच्या दिवशी भूल देऊन झाल्यावर करू नका, एक दिवस आधी पेशंटला बोलवा.

ऑपरेशनच्या वेळी दोनच गोष्टी जपा. गाइड सहायकाने बोटांनी दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ दाबून धरायचं, मध्येच सोडायचं नाही. दुसरं, सलाईन. गाइडमुळे पाणी हाडापर्यंत पोचत नाही, स्लीव्ह अडवते. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी जळतं आणि इम्प्लांट धरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत सलाईनची बाटलीच चाळिशीच्या घरात असते. बाटली आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, ड्रिल वर-खाली काढत चाला, बोथट ड्रिल फेकून द्या. गाइड निर्जंतुक करताना ते ज्या रेझिनचं (प्रिंटचं प्लास्टिक) आहे त्याच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा. काही रेझिन १२१ अंशांचं ऑटोक्लेव्ह सहन करतात, काही नाही, आणि लिहिलंय त्यापेक्षा जास्त तापवलं तर डिक्कीसारखंच होईल.

फ्री हँड करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर केसगणिक बदलतं. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या माणसात इम्प्लांट बसवले ते गाइडशिवायच, आणि आजही दोन दातांच्या मधली एक पहिली दाढ, रुंद हाड, नस लांब, अशी केस मी हातानेच करतो. गाइडचे काही हजार पेशंटच्या डोक्यावर कशाला? पण पुढचा दात, जिथे मि.मी.ने हसू बिघडतं, अरुंद हाड, नस जवळ, एकाच वेळी चार-पाच इम्प्लांट, तिथे गाइड. आणि ज्याला उघडं करून हाताने घालता येत नाही त्याने गाइडवर अवलंबून राहू नये, कारण गाइड तोंडात बसलं नाही की त्या क्षणी तुमच्याकडे हातच असतो. हिरडी न उघडता नुसतं भोक पाडून घालण्याचा मोहही आवरा. खालच्या मागच्या भागात घट्ट हिरडी आधीच कमी असते, तीच आपण कापून टाकतो.

बिलाचं म्हणाल तर गाइड अजून फेकलं नसेल अशी आशा आहे. आज ते मॉडेलवर बसवा, पेशंट टाके-तपासणीला आले की तोंडात बसवा, दोन्हीचे फोटो काढा. मॉडेलवरच हलत असेल तर फोटो लॅबला पाठवा आणि बिलाचं बोला. दोन्हीकडे घट्ट बसत असेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर बिल पूर्ण द्या. त्याच फोनवर पुढच्या ऑर्डरसाठी सांगून ठेवा की फॉर्मवर तोंड किती मि.मी. उघडतं हा रकाना छापा आणि तो रिकामा असेल तर माझी केस घेऊ नका.